उजव्या बाजूला बसलेले आजोबा

शाळेसाठी तुम्ही केलेला आपल्या घराण्याचा तक्ता तुमच्या आईने ई-मेलने पाठवला. आजोबांनी बाजारातल्या इंटरनेटच्या दुकानातून तो छापून आणला. तक्ता नीटनेटका आहे, अक्षर वाचता येतं, फोटो सरळ रेषेत चिकटवलेत. मला असं काम आवडतं. पण निळ्या गाडीच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, "आजोबा त्यांची गाडी चालवताना. ही जुनी अमेरिकन गाडी त्यांनी घरी स्वतः दुरुस्त केली." या दोन वाक्यांत "जुनी अमेरिकन" एवढंच खरं आहे.

तुमची चूक समजू शकते, तुम्ही लहान आहात. राग मला आजोबांचा आला. त्यांनी चष्मा पुसून तो मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले, "छान लिहिलंय पोरांनी." म्हणून आज दुपारी बसून हे लिहिते आहे.

गाडी माझ्या वडिलांची. ते हैदराबादला डॉक्टर होते. धरणाच्या कामावर आलेला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि तुमच्याकडे अमेरिकेत असतं तसं डाव्या हाताला स्टिअरिंग. मी तेव्हा कॉलेजात होते. रविवारी सकाळी ते मला गाडी शिकवायचे. आधी नुसतं इंजिन सुरू करायचे, गाडी जागेवरच ठेवायचे आणि म्हणायचे, "ऐक." तो खोल, जरा थांबून थांबून येणारा आवाज छातीत ऐकू यायचा. कोणता सिलिंडर चुकतोय हे कानाने ओळखता आल्याशिवाय त्यांनी मला गिअरला हात लावू दिला नाही. मग लग्न झालं, मी कळमनुरीला आले आणि पुढची वीसेक वर्षं एसटीने फिरले.

वडील गेल्यावर भावांनी मला बोलावलं. आपल्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की मुलीला माहेरी बोलावतात, गोडाचं जेवण घालतात, मग रजिस्ट्रारच्या कचेरीत नेऊन "वडिलांच्या मिळकतीवर माझा हक्क नाही" अशी सही घेतात आणि साडी-चोळी देऊन परत पाठवतात. याला हक्कसोड म्हणतात. सही हसत करायची असते. कपाळाला आठी पडली तर माहेर तुटतं.

"पैठणी आणलीय तुला," थोरला भाऊ म्हणाला. "रंग तुझ्या वहिनीने निवडलाय."

"साडी नको. बाबांची गाडी दे."

"ती? तिच्यात मांजर व्यायलंय. उद्या भंगारवाला येणार आहे न्यायला."

"मग पैठणी भंगारवाल्याला दे."

भाऊ हसला. म्हणाला, "ने बाई. गोवऱ्या वाहायला होईल तुला." मी सही केली. घर, दवाखाना, शेत यांच्यावरचा हक्क सोडला आणि एक गंजलेली गाडी घेतली. हे बरोबर झालं का, असं तुम्ही विचाराल. न्याय्य मुळीच झालं नाही. पण ती गाडी माझी कशी, हे तुम्हाला आता कळलं असेल.

आपला जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. गाडी ट्रकवर घालून आणली. उतरवायला जागा नव्हती, म्हणून ट्रक नाल्याच्या बांधाला मागून टेकवला आणि फळ्यांवरून ती खाली ढकलली. अर्धं गाव जमलं होतं. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "वकीलसायबानं फॉरेनची गाडी आणली." चाकं जमिनीला लागायच्या आतच माझी गाडी वकीलसाहेबांची, म्हणजे तुमच्या आजोबांची झाली.

मागच्या गोठ्यात तेव्हा जनावरं नव्हती. गोठा धुऊन घेतला, वर पत्रा बदलला आणि कामाला लागले. पहिल्या वर्षी नुसतं खोललं. ज्या भागाचा नटबोल्ट, त्या भागाचं नाव लिहून लोणच्याच्या बरण्यांत. कार्बोरेटरचे बारीक जेट हरवण्याची भीती, म्हणून माझा जुना मिसळणाचा डबा रिकामा केला. हळदीच्या वाटीत पुढचे, जिऱ्याच्या वाटीत मागचे. त्या डब्याला अजून पेट्रोलचा वास येतो. रेडिएटरच्या पितळेला चिंच लावून घासलं, समईला लावतो तशीच. सीटची रेक्झिनची कव्हरं माझ्याच शिलाई मशीनवर शिवली, त्यात सुया किती मोडल्या ते विचारू नका. वडिलांनी गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक जपून ठेवलं होतं. कोणत्या सिलिंडरला कोणाच्या मागून ठिणगी द्यायची, झडपांत फट किती ठेवायची, सगळं त्यात होतं. ते वाचायला या घरात मलाच वेळ होता. पायाखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याचं काम मात्र वारंगा फाट्यावरच्या मिस्त्रीने केलं. तो ट्रक-ट्रॅक्टरचा माणूस, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

आणि तुमच्या आजोबांनी काय केलं? तेही प्रामाणिकपणे लिहिते. आरटीओत जाऊन गाडी माझ्या नावावर करून आणली, आणि बॅटरी धरली. बॅटरी म्हणजे टॉर्च. मी इंजिनाखाली आडवी पडून एखादा बोल्ट चाचपत असायची आणि उजेड माझ्या चपलांवर पडलेला असायचा.

मिस्त्रीने पहिल्याच दिवशी झाकण उघडून मान हलवली होती. "बाई, हे आठ नळ्यांचं इंजिन म्हंजे घरात आठ लेकरं. खाऊ कोन घालनार? माझं ऐका, डिझेलचं टाकून देतो. जीपचं हाय माझ्याकडं, बराबर बसतं."

"इंजिन बदलायचं नाही," मी म्हणाले. "बाकी काय वाटेल ते बदला. हे नाही."

"काहून?"

"ते काढलं तर मग माझ्याकडे राहिला काय, पत्राच की."

आजोबा तिथेच उभे होते. माझे दीर, म्हणजे डोंगरकड्याचे तुमचे आजोबा, तेही होते. दोघांनी ऐकलं. हे लक्षात ठेवा.

गाडी जवळजवळ तयार झाली. गडद निळा रंग लागला. इंजिन बसलं, सुरूही झालं, पण एक सिलिंडर चुकत होता. तेवढ्यात तुमच्या आईचं बाळंतपण आलं आणि मी पुण्याला गेले. तुमच्यातला थोरला तेव्हाच जन्मला. दोन-अडीच महिन्यांनी परत आले तर अंगणातून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. फाटकाशी आजोबा आणि दीर, दोघंही लग्नातल्या यजमानांसारखे उभे. ट्रॅक्टर कुठेच नव्हता. माझी गाडी थरथरत होती आणि तिच्या मागून काळा धूर निघत होता.

"वहिनी, आता तेलाला घाबरायचं काम न्हाई," दीर म्हणाले. "नांदेडला जा, परत या, काटा हलत न्हाई."

"इंजिन कुठे आहे?"

"हे काय, चालून राहिलं ना."

"माझं इंजिन कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "अगं, तुला बरं वाटावं म्हणून केलं. तू थकून येशील, आल्यावर गाडी तयार."

माझं इंजिन डोंगरकड्याला होतं. दिरांच्या केळीच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर लोखंडी चौकटीत आवळून बसवलेलं. तेव्हा लोडशेडिंग सुरू होतं, मोटार चालत नव्हती, म्हणून दिरांनी त्याला पंप जोडला होता. वडिलांनी ज्याच्यावर माझा कान तयार केला ते इंजिन केळीला पाणी देत होतं. सगळं तेलाने माखलेलं, वरची हवेची गाळणी कुठेतरी गेलेली, तिच्या जागी पोत्याचं फडकं बांधलेलं.

"गाडीत पेट्रोल परवडत नाही म्हणालात. इथे कसं परवडतं?"

"रॉकेलवर चालवतो, वहिनी. सुरू करताना टाकलं थोडं पेट्रोल, की मग काय तकलीफ न्हाई. लई ताकदीचं हाय. आख्खी विहीर उपसून काढली त्यानं."

ते कौतुकाने सांगत होते. मला त्याचाच अधिक संताप आला. इंजिनाची किंमत त्यांना कळत होती. ते कोणाचं आहे, तेवढंच कळत नव्हतं.

घरी भांडण केलं असतं तर आजोबा म्हणाले असते, "बाईमाणसाचा राग, निवेल." म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून मी समोरच्या खोलीत गेले, जिथे त्यांचे पक्षकार बसतात, आणि बाकावर रांगेत बसले. शेजारी तांड्यावरची एक म्हातारी बसली होती, शेतातल्या वाटेच्या भांडणासाठी आलेली. माझी पाळी आल्यावर मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"वकीलसाहेब, माझ्या मालकीच्या वस्तूचा अपहार झालाय. आरोपी दोन आहेत."

"आत चल," ते हळू आवाजात म्हणाले. "लोक बसलेत."

"लोक बसले असतानाच विचारायचंय. आरसी बुक माझ्या नावाचं आहे. त्यावर इंजिनाचा नंबर आहे. तो नंबर आज डोंगरकड्यात केळीला पाणी पाजतोय. मालकिणीला न विचारता. फिर्याद कोणाकडे द्यायची, तुमच्याकडे की पोलिसांकडे?"

ते कागद चाळायला लागले. कागद कोरे होते. म्हातारीने मला विचारलं, "बाई, ती वस्तू माहेरची हाय काय?"

"माहेरची आहे. हक्कसोड करून आणलीय."

म्हातारी आजोबांकडे वळली. "सायब, ही केस तुमी घेऊ नका. हरसाल."

सगळा बाक हसला. आजोबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं आणि म्हणाले, "आठवड्यात इंजिन परत येईल."

आठवड्यात आलं नाही, केळीचं पाणी झाल्यावर आलं. पण आलं. दिरांनी स्वतः ट्रॉलीत घालून आणलं आणि उतरवताना म्हणाले, "वहिनी, लई मनाला लावून घेता तुमी." मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा बैल मी पुण्याला जाऊन विकून आले असते, तर तुम्ही कशाला लावून घेतलं असतं?" मिस्त्रीने त्याचं डिझेल इंजिन काढून नेलं. जाताना म्हणाला, "बघा बाई, परत बोलवसाल."

रॉकेलने आतून काजळी धरली होती. पुन्हा सगळं खोललं, घासलं, पुस्तक उघडून झडपांची फट मापली, ठिणगीचा क्रम लावला. किल्ली फिरवली. एक सिलिंडर चुकत होता, मागून दुसरा. मी कान देऊन ऐकलं, वायर बदलली, आणि तो आवाज आला. वडील असते तर "ऐक" म्हणाले असते. मी बराच वेळ ते चालू ठेवलं. पेट्रोल जळत होतं, जळू दिलं.

मग मी गाडी बाहेर काढली. आजोबा म्हणाले, मीही येतो. वारंगा फाट्यापर्यंत मी गाडी नेली. ट्रकवाले बाजूला होऊन वाट देत होते. फाट्यावर हॉटेलसमोर थांबले तर दिरांची मोटारसायकल तिथेच होती, गळ्यात त्यांचा कॅमेरा. त्यांनी रस्त्याच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, फोटो काढला. हॉटेलवाला चहा घेऊन धावत आला, तोही उजवीकडे. आपल्याकडे चालवणारा त्याच बाजूला बसतो ना.

"सायब, काय हात हाय तुमचा गाडीवर," तो आजोबांना म्हणाला.

आणि तुमचे आजोबा, कोपर खिडकीवर ठेवून, काय म्हणाले? "सवय लागते."

माझ्या हातात स्टिअरिंग होतं. मला चहा आला नाही.

तोच फोटो तुमच्या तक्त्यावर आहे. तुम्ही अमेरिकेत राहता. स्टिअरिंग कोणत्या बाजूला असतं हे वारंग्याच्या हॉटेलवाल्याला माहीत नसेल, तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं. फोटो मोठा करून पाहा. आजोबांच्या खांद्यामागे हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसेल. त्याच हाताने ही गाडी दुरुस्त झाली, आणि तोच चालवतोय. मजकूर बदला आणि बदललेला तक्ता शाळेतल्या बाईंना दाखवा.

हे सगळं लिहून झाल्यावर आजोबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "सगळं खरं आहे. एकच दुरुस्ती कर. बॅटरी मी बरोबर धरत होतो."

धरत नव्हते.