अस्वलाच्या झेंड्याचे मानकरी

जर्मनी नकाशातसुद्धा न पाहता तिथल्या एका गावाशी पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक असल्यासारखा वागणारा माणूस चिंचवडच्या अख्ख्या पट्ट्यात एकच होता, आणि तो माझा घरमालक होता. मी खेड्यातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. सत्तर सालच्या सुमारास कंपनीत लागलो तेव्हा तात्यांनी मला खोली दिली आणि पहिल्या रात्री आपल्या ताटाशेजारी जेवायलाही बसवलं.

कंपनी उभी होती तात्यांच्या ज्वारीच्या रानावर. रानाच्या बदल्यात त्यांना गेटवर पहारेकऱ्याची नोकरी आणि थोरल्या मुलाला ‘कायम करू’ असा तोंडी शब्द मिळाला होता. गेटवर भागीदार जर्मन कंपनीच्या गावाचा झेंडा असे: निळा-पिवळा, मधल्या ढालीवर दोन पायांवर उभं काळं अस्वल, पंजात किल्ली. तो चढवताना तात्या चपला काढत, आणि उतरवला की लग्नातल्या फेट्यासारखा जपून घडी घालत. “किल्ली त्याच्याकडं हाय, म्यानेजरकडं न्हाई,” असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे कायम करावं लागू नये म्हणून मुलाला पुन्हा काही दिवस ‘ब्रेक’ देऊन घरी बसवलं की गाऱ्हाणं अस्वलापुढे.

एका खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, तेव्हा तात्यांनी अस्वलालाही ठसठशीत कुंकू लावलं. त्याच दुपारी त्या जर्मन गावचे नगराध्यक्ष पाहुणे म्हणून आले.

“अहो तात्या, त्याचं डोकं फुटल्यासारखं दिसतंय!” मॅनेजर किंचाळले.

तात्यांनी मला पुढे ढकललं. “लेका, तू शिकलायस. सांग त्यास्नी, रान आमचं गेलंय, पोराला कायम करा म्हणावं.”

मी इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला. नोकऱ्या कंपनी देते, गावाचा त्यात अधिकार नाही, असं ते म्हणाले.

“मग ती किल्ली कशाची?”

“गावाच्या वेशीची,” मी विचारून सांगितलं. “पण ती वेस कधीच पाडली म्हणतात.”

तात्यांनी झेंड्यावरच्या किल्लीकडे एकदा पाहिलं आणि ते गेटवर जाऊन उभे राहिले.

पुढच्या ब्रेकनंतर मुलाला परत घेतलंच नाही. तो भोसरीच्या एका छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये कामाला लागला, आणि तिथे प्रेस मशिनखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. आता तात्या झेंडा भिरकावून देतील असं मला वाटलं. दवाखान्यातून ते थेट ड्यूटीवर आले, चपला काढल्या आणि दोरी ओढू लागले.

“तात्या, अजून?” माझ्याच्यानं राहवलं नाही.

“आमचं रान गेलं, तशी त्यांचीबी वेस गेली, लेका,” वर बघत ते म्हणाले. “त्यांच्यावर काय रुसायचं?”