सहा उशांचे काका

काका उशी नुसत्या हाताने कधी तपासत नसत. दोन्ही मुठींनी ती दाबायची, मग तिला गाल लावून डोळे मिटून उभं राहायचं. भर एप्रिलात, गच्चीवर, डोक्याला दुपट्टा बांधून.

"हात खोटं बोलते वं, गाल नाही बोलत. वरून वाळली म्हणजे आतून वाळली असं नसते."

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. तक्रार सगळ्यांची असते, पण ती सांगायला एकालाच पाठवतात. धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी, म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

तक्रार खरी होती. कुरडया-पापड घालायच्या दिवसांत अर्धी गच्ची काकांच्या उशांनी अडलेली असायची. उशा सहाच, पण दोन उशांमध्ये हात-हात अंतर. शिवाय दर तासाला वर येऊन ते उशा उलटायचे आणि जाता जाता आमच्या कुरडयाही. ओल्या कुरडया! तुकडे झाले की आम्हालाच विचारायचे, "एकाच बाजूनं कितीक शेकता?"

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. "काका, रोज काहून लागतात उशा वाळवायला? आठवड्यातून एकदा वाळवल्या तर काय बिघडेल?"

"पाठ बिघडंल," काका म्हणाले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

काकू पलंगावर होत्या. न्हाणीघरात पडल्यापासून कमरेखालचं शरीर गेलेलं. चारी बाजूंनी त्यांना उशा लावलेल्या आणि प्रत्येक उशीच्या कोपऱ्यावर काळ्या पेनने नाव: मान, पाठ, डावी कंबर, उजवी कंबर, गुडघे, घोटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला, अंगाखाली ओल राहू देऊ नका, नाहीतर पडून पडून जखमा होतील आणि त्या भरायच्या नाहीत. सगळं आयुष्य सरकारी कचेरीत काढलेल्या काकांनी तो वरून आलेला आदेश मानला होता.

"यायले समजवा हो सेक्रेटरीबाई," काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. "लग्न झालं तवा एक उशी नाही देल्ली मले. आता सहा-सहा देऊन राहिले."

"तवा मागतली होती का?"

"तवा तुमच्यासमोर तोंड उघडाची सोय होती का?"

मी भांडायला गेले होते, चहा पिऊन परत आले. मग वेळापत्रक केलं. अकरापर्यंत गच्ची कुरडयांची, नंतर उशांची. काकांनी ते काटेकोर पाळलं. आमच्या बायकांनी नाही.

काकांना ही विद्या एका चुकीतून आली होती. ते स्वतःच ओशाळून सांगायचे. सुरुवातीला त्यांनी सावरीच्या कापसाची अख्खी उशी मशीनमध्ये टाकली. आपलं नागपूरचं ऊन, चार तासांत खोळ पापडासारखी कडक झाली. काकांनी ती खुशीत काकूंच्या कमरेखाली सरकवली. आत कापसाचा गोळा ओलाच होता आणि काकूंना तिथलं काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वास आला. उशी काढून पाहिली, तर कमरेवर रुपयाएवढा लाल चट्टा. पंधरा दिवसांनी चट्टा गेला. काकांची झोप मात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून कापसाची उशी उसवायची, कापूस काढून काठीने झोडपून उन्हात घालायचा आणि धुवायची फक्त खोळ. फायबरच्या उशा मशीनमध्ये चालतील, पण दोन-दोन. "एकटी उशी मशीनले नाचवते. जोडी पाहिजे." पावडर अर्धी, पाणी दोनदा जास्त.

हे ज्ञान ते स्वतःजवळ ठेवत नसत. एकदा माझ्याकडे सभा होती. काका आले, सोफ्यावर बसले, पाठीमागची उशी उचलून त्यांनी गालाला लावली.

"हे कधी धुतली होती?"

"काका, सभा पाण्याच्या टाकीची आहे."

"टाकी होते साफ. पहिले हे पाहा."

मला राग आला. ते गेल्यावर मी उशी धुवायला टाकली, हेही सांगून टाकते.

पावसाळ्यात काका चिडचिडे व्हायचे. ओल्या हवेत खोळींवर इस्त्री फिरवायचे, पंख्याखाली उशांची रांग लावायचे, आभाळाला शिव्या द्यायचे.

गेल्या दसऱ्याच्या आधी काकू गेल्या. सकाळी चहा घेता घेता, छातीत कळ येऊन. आंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. मी लवकर रडणाऱ्यांतली नाही, अशा वेळी पाणी तापवणं, चादरी काढणं ही कामं माझ्याकडे येतात. काकूंना कुशीवर वळवलं तेव्हा माझं लक्ष आपोआप पाठीकडे गेलं. साडेचार वर्षं पडून असलेली बाई. पाठीवर एक ओरखडा नव्हता.

बाहेर आले तर काका दाराशीच उभे होते. बसा, बसा, असं सांगून लोक सकाळपासून थकले होते.

"पाठ पाहिली का?"

"पाहिली, काका. साफ आहे."

"अन् कमर?"

"तिथंही काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि मग खुर्ची ओढून बसले.

तेराव्यानंतर काकांचा धाकटा भाऊ त्यांना काटोलला न्यायला आला. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा खुब्याचं हाड मोडून पडले होते. काकांनी सहाही उशा आजोबांच्या सुनेला दिल्या, वर तासभर सूचना. ती बिचारी कणीक मळता मळता हो हो करत होती.

खाली रिक्षा आली. सामान म्हणजे एक पिशवी.

"एक तरी उशी ठेवायची होती, काका. तिकडे निजाल कशावर?"

"मी नाही घेत वं उशी," काका रिक्षात चढता चढता म्हणाले. "पहिलेपासूनच. मान अखडते माही."