टेप्याचा ‘व्हय’

पदवीच्या कागदावर नाव माझं आहे, पण ती मिळाली टेप्यामुळं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, टेप्या म्हणजे कुणी गुरुजी असावेत. तो माझा मित्र. सातवीत शाळा सोडलेला आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. जतच्या कोरड्या पट्ट्यातल्या आमच्या गावात पहिला टेपरेकॉर्डर त्यानं आणला, म्हणून तो टेप्या. पुढं त्याच्या आईनंही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

त्याला वेड एकाच माणसाचं होतं. बिरूतात्या नावाचे एक म्हातारे मेंढपाळ धनगरी ओव्या गायचे. बिरोबाची जत्रा कुठंही असो, तात्यांच्या पुढ्यात टेप मांडून टेप्या बसलेलाच. चालू मोटार उघडी टाकून तो ओवीला पळायचा, मग शेतकरी त्याच्या दारात येऊन बोंबलायचे. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, “तात्याला मेंढरं राखायला आन् यास्नी तात्याला राखायला देवानं जन्माला घातलंय.” यावर टेप्या खूश होऊन म्हणायचा, “बरं बोललीस. च्या टाक.”

कॅसेटी तो ज्वारीच्या कणगीत ठेवायचा. बुरशी धरू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला. कॅसेटवर ओवीचं नाव कधी लिहीत नसे, त्या दिवशी काय आडवं आलं ते लिहायचा. ‘तात्याला खोकला.’ ‘कुत्रं.’ ‘वारा लय.’ ‘सरपंच मधीच आला.’ हवी ती ओवी त्याला त्यावरूनच सापडायची. एकदा मी म्हणालो, “अरे, नीट नावं घाल की.” तर म्हणाला, “नाव काय, कुणीबी घालंल. कुत्रं त्याच राती भुकलं.”

मी सांगलीला कॉलेजात गेलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वर्गात एकदा सरांनी काही विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, “मला ठाव न्हाई.” सगळा वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर मी बोलणंच सोडलं आणि दिवाळीत गावी आलो तो परत न जाण्याचं ठरवूनच. वडिलांना सांगायच्या आधी टेप्याला सगळं सांगितलं, वर्ग हसला तेही. तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त टेप लावला. म्हणाला, “सोड कालिज. पर तात्याची एवढी ओवी तेवढी लिहून दे. मला जोडाक्षरं येत न्हाईत.”

मी लिहू लागलो. तात्यांच्या ओवीत देव रानात हरवलेलं कोकरू शोधत फिरतो, वाटेत भेटेल त्याला विचारतो आणि प्रत्येकजण म्हणतो, “मला ठाव न्हाई.” माझा हात थांबला. टेप्यानं टेप बंद केला.

“का रं, थांबलास?”

“काही नाही.”

“ह्यो ‘ठाव’ ऐकाया पाच गावं गोळा होत्यात गड्या. तुझ्या वर्गात ऐकणारी कच्ची हायत. त्येंच्यासाठी तू का शाळा सोडतोस?”

सुट्टी संपेपर्यंत मी लिहीत राहिलो आणि सुट्टी संपल्यावर सांगलीला गेलो. पुढं मराठी घेऊन बी. ए. झालो, साताऱ्याच्या एका शाळेत लागलो. टेप्या मला मास्तर म्हणायला लागला, तेही निम्मं चेष्टेनं.

तात्यांची एक रीत होती. ओवी गाता गाता ते थांबत आणि पुढची गोष्ट बोलून सांगत. त्या वेळी समोरच्यानं ‘व्हय’ म्हणायचं. नाही म्हटलं तर गोष्ट जागची हलत नसे. हे काम कायम टेप्याचं. आवाज मोटार सुरू केल्यासारखा, त्यात टेप मांडीशी. कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा तो रेकॉर्डिंग चांगलं व्हावं यासाठी तोंड दाबून बसला. तात्या दोन वाक्यं बोलले आणि खेकसले, “झोपलास का मेलास रं?” तेही त्या कॅसेटवर आहे.

तात्या गेले. कॅसेटींच्या फिती चिकटायला लागल्या. तेव्हा सगळा संग्रह पोत्यात भरून टेप्या सांगलीला गेला, पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला. दुकानातला मुलगा भला होता. त्यानं टेप्याच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, “काका, मध्ये मध्ये कोणीतरी ओरडतंय. काढून टाकू? गाणं स्वच्छ होईल.” टेप्यानं इतक्या वर्षांत स्वतःचा आवाज असा कानात घालून ऐकला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मास्तर, जलमभर मी तात्याच्या गाण्यात माती कालवली रं. त्या पोराला सांगून आलोय, माझं समदं काढ. जुन्या कॅसेटीबी माघारी आणल्या की जाळून टाकतो.”

रात्री पत्र लिहायला बसलो. शाळेत शिकवतो त्या भाषेत दोनदा सुरुवात केली, दोन्ही कागद फाडले. मग घरी बोलतो तसं लिहिलं.

पत्र मिळालं त्याच दिवशी तो एसटीनं सांगलीला गेला आणि पोतं घेऊन परत आला. फोनवर एवढंच म्हणाला, “मास्तर, लय शाणा झालायस.” गेल्या वर्षी तो गेला. ओव्या पेनड्राइव्हवर आहेत, खोकल्यासकट, कुत्र्यासकट आणि त्याच्यासकट. दिवसकार्याला गेलो तेव्हा वहिनींनी माझं पत्र मला परत दिलं. ते असं होतं:

टेप्या,

तुझा फोन आल्यापास्नं घास गोड लागंना. आधी काडीपेटी वैनीकडं दे, मग म्होरं वाच.

त्या पोरावर रागावू नगंस. कुणाच्या म्होरं बसून ऐकायची त्याला सवय न्हाई. पर तुला तर हाय. तात्या ती गोष्ट टेपला सांगत हुता व्हय रं? तुझ्या तोंडाकडं बघून सांगत हुता. तू हाय म्हणून त्याला म्होरचं सुचत हुतं. मी वर्गात आज चार वाक्यं धड बोलतो, ती बी तू कवा तरी बसून ऐकलंस म्हणून.

तुझा आवाज काढून टाकलास, तर गाणं स्वच्छ हुईल, व्हय. पर तात्या मग मोकळ्या माळावर येड्यागत एकटाच बोलत बसल्यावानी वाटंल. आपल्यात म्हाताऱ्या माणसाला आसं सोडून जात न्हाईत गड्या.