मी अडवलेला प्याला

रविवारी शामराव उपासनेला यायचे ते गुडघ्यापर्यंत ओल्या पायजम्याने. सडक अर्जुनीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये शेवटच्या बाकाखाली त्यांच्या पायांचं पाणी साचलेलं असे.

एके काळी ते ट्रक चालवायचे. रस्त्यापलीकडच्या विहिरीवर निघालेली गावातल्या भागाबाईची एकुलती एक मुलगी त्यांच्या ट्रकखाली गेली. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. "कोर्टानं सोडलं जी, पण गाडी तं मीच चालवत होतो," एवढंच ते म्हणायचे. तेव्हापासून रोज सकाळी भागाबाईचं पाणी तेच भरत. ती रिकामे गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, दाराबाहेर ठेवी आणि दार लावून घेई. बोलत नसे.

मी तेव्हा नवा पाळक होतो, शिकून आल्याची मस्ती अंगात होती. बाप्तिस्म्याआधी मी त्यांना शिकवलं, की माणूस आपल्या कर्मांनी नाही, विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. मग दरडावलं, "पाणी भरून पाप फिटत नाही. ते सोडा, मगच प्रभुभोजनाला या."

बाप्तिस्मा झाला, पाणी भरणं सुटलं नाही. तीन वर्षं प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला मी त्यांच्यापुढून तसाच पुढे नेला. ते मान खाली घालून बसत. ख्रिस्ताचा मान राखतोय असं मला वाटे. लाज वाटते आता.

गेल्या उन्हाळ्यात कावीळ अंगावर काढत ते पाणी भरत राहिले आणि एक दिवस भागाबाईकडून परतताच त्यांनी अंथरूण धरलं. त्याच संध्याकाळी मी जाऊन विचारलं, "शामराव, अजून पाण्यानंच पाप फेडताय?"

"नाई, पादरीसाहेब. ते तं येशूनं फेडलं. तुमीच सांगतले, मी तवाच मानलो. बुढीच्यानं पाणी काढणं होत नाई, म्हणून जाऊन राहिलो होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी पुसलेच नाई. सोड म्हणाले. बुढीले कसा सोडू?"

मी चर्चकडे धावलो. भाकर आणि प्याला घेऊन परतलो, तेव्हा शेजारीण त्यांचे डोळे मिटत होती. देवाने फुकट दिलेलं मी अट घालून अडवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भागाबाईकडे गेलो. गुंड बाहेरच होते, रिकामे. दार उघडून ती म्हणाली, "तो काऊन नाई आला?"

मी सांगितलं. ती चौकट धरून खाली बसली. "एक डाव बी बोलली नाई मी त्याच्यासंग."

मी गुंड उचलले आणि रस्ता ओलांडला.