देव्हाऱ्यातली पुडी

विश्राम माळी सहसा खोटं बोलत नसे. जे एकदाच बोलला, तेच त्याला भोवलं.

माजिवड्याच्या वाटेवर, खाडीच्या काठी एका वकिलाची बाग होती. जुन्नरकडून आलेला विश्राम बागेतल्याच खोलीत बायको गोदा आणि आईविना वाढणारी नात सगुणा यांच्यासह राहायचा. वकिलाला लाल आणि पांढऱ्या लिलीचा संकर हवा होता, मुंबईच्या प्रदर्शनात मिरवायला. पण लाल फुलायची फाल्गुनात, पांढरी वैशाखाअखेर. लालच्या केसरांची पिवळी पूड तोवर जपायची आणि पांढरी उमलली की काडीने तिच्यात लावायची, हे काम विश्रामला येत होतं. तरी दोन वर्षं खाडीच्या दमट हवेने पूड बुरसली. "या खेपेला बी धरलं नाही तर खोली रिकामी कर," वकील म्हणाला. त्याने स्वतः कधी मातीत बोट घातलं नव्हतं.

त्या वर्षी विश्रामने पूड सावलीत सुकवली, कागदात बांधली आणि पुडी ओल शोषणाऱ्या चुनकळीच्या डब्यात घालून देव्हाऱ्यात ठेवली. गोदाने विचारलंच. खरं सांगितलं तर ती उघडून बघणार आणि पुडीला हवा लागणार, म्हणून तो म्हणाला, जेजुरीचा भंडारा आहे, हात लावू नकोस. आता भंडारा म्हणजे आजारी पोराच्या कपाळाला लावायचीच वस्तू, हे या शहाण्याला सुचू नये?

पांढरी लिली उमलली त्या सकाळी तो पुडी न्यायला धावत आला. तीन दिवस तापाने फणफणलेली सगुणा उठून बसली होती. तिचं कपाळ पिवळंधमक होतं आणि कागद रिकामा.

"कपाळाला लावला, उरला तो पाण्यातून पाजला," गोदा म्हणाली. "खंडोबानं राखली माझी पोर."

देवाच्या नावाने खोटं बोललो, हे विश्राम तिला कुठल्या तोंडाने सांगणार होता? याही खेपेला बी धरलं नाही, आणि वकिलाने कारणही विचारलं नाही. पंधरा दिवसांत खोलीत दुसरा माळी आला.

पुढे विठ्ठलवाडीला लोकांच्या बागांत विश्राम मजुरीने खड्डे खणायचा. फुलांना त्याने पुन्हा हात लावला नाही. तो रिकामा कागद गोदाने नव्या देव्हाऱ्यात जपून ठेवला होता. तो कामावर निघाला की ती त्याला त्या कागदापुढे डोकं टेकायला लावायची, आणि तो टेकायचा.