अक्काच्या धाब्यावर

धुळ्याहून चोपडा-यावल मार्गे एसटी निघाली, तेव्हा माझ्या पिशवीत बिबड्या (ज्वारीचे पापड) होत्या आणि डोक्यात एकच काम. अक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, फैजपूरजवळच्या मळ्यातलं लाकडी घर मोडण्याआधी शेवटचं पाहून घ्यायचं. तिचा मुलगा किशोर ते सागवानाच्या व्यापाऱ्याला देणार होता आणि तिथं स्लॅबचं घर बांधणार होता. अक्काला ते नको होतं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

हे घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाक मुरडून म्हटलं होतं, "स्लॅब नाही?" मी नुकती जुनी अकरावी (मॅट्रिक) पास झाले होते, त्यामुळे मला सगळंच कळायचं. पुढे धुळ्यात स्वतःच्या स्लॅबखाली उन्हाळे काढले आणि भाकरीसारखी दोन्ही अंगांनी भाजून निघाले.

यावल सुटलं की दोन्हीकडे केळी, आणि केळीच्या मधोमध हे घर. अक्काच्या आजेसासऱ्यांनी सातपुड्यातून बैलगाड्या भरभरून साग आणला होता. प्रत्येक खांब झाड जंगलात उभं होतं तसाच रोवलेला: बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब घराला मानवत नाही म्हणतात. सांध्यांना खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. वर कडीपाट (तुळया-फळ्यांचं छत) आणि त्यावर मातीचं धाबं (सपाट छप्पर). पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरून तुडवावी लागते, नाहीतर गळतं.

किशोरचं दुखणं तेच. "मावशी, दरसाल कोन तुडवीन? मले केळीतून टाइम हाय का?"

व्यापारी मजूर घेऊन आला. टरबूज वाजवावं तसे त्याने खांब वाजवले. अक्का भाकरी थापत राहिली. धाब्याचं घर वरून उतरवतात, आधी माती, मग लाकूड. म्हणून मी म्हटलं, त्याआधी एकदा वरून सातपुडा बघून येते. शिडी चढले. चढणं जमलं. उतरायला गुडघा तयार होईना.

"मावशी, उतर व. मानसं खोळंबली."

"मी आठेच बठस," (मी इथेच बसते) म्हटलं.

व्यापारी म्हणाला, "आजी, आम्ही धरतो."

"धरा. पण सगळे वर आलात आणि धाबं खचलं, तर लाकूड तुमचंच मोडेल."

त्याने विचार केला, चहा घेतला, दुसरा घेतला, आणि सोमवारी येतो म्हणून गेला.

अक्काने माझं जेवण किशोरच्या हाती वर पाठवलं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, वांग्याचं भरीत. तो कित्येक वर्षांत इथं चढला नव्हता. स्वतः खाली थांबून मजुरांनाच वर चढवायचा. टेकला, माझ्याच ताटातलं भरीत खाऊ लागला. मग एका कोपऱ्यात हात फिरवून म्हणाला, "इथं चीर पडली. पाऊस झाला का आईच्या खाटेवरच येईन पानी."

"घर तर मोडायचंच आहे ना?"

तो माती चिमटीत चोळत बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "खारीच्या दोन गाड्या लागतीन."

शिडीपाशी येऊन थांबलेली अक्का खालून म्हणाली, "तीन."

भाकरी संपल्यावर गुडघ्याने परवानगी दिली.

सोमवारी किशोरने व्यापाऱ्याला चहा दिला, लाकूड दिलं नाही. परतीच्या एसटीत मी शेजारच्या बाईला घर कसं वाचवलं ते धुळे येईपर्यंत सांगितलं. अक्काला फोनवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू ते नुसती बठेल व्हती." (तू तर नुसती बसली होतीस.)

तेही खरंच. पण इतकी वर्षं मी त्या घराला शहाणपण शिकवायला जात होते. नुसती बसायला यंदाच गेले.