देवानंद मिस्त्रीचा कान

परतूरच्या स्टेशन रोडवर माझं गाड्यांच्या सुट्या पार्ट्सचं दुकान आहे आणि बरोबर समोर देवानंद मिस्त्रीचं गॅरेज. समोर गॅरेज म्हटल्यावर लोकांना वाटतं, राधेश्याम शेठची चांदी आहे. कसली चांदी? हा माणूस गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवेल तर शपथ. एअर फिल्टर झटकून देतो, प्लग घासून देतो, सैल झालेला फॅनचा पट्टा आवळून देतो. "बदलू नका, साफ करा," हे त्याचं पालुपद. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे बाबा, माझ्या पोटावर का पाय देतोस? तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, त्याला काय धोका दिसत नाही शेठ.

आमच्याकडे कोरी गाडी घेणारे थोडे. पुण्यामुंबईच्या माणसाला गाडीचा कंटाळा आला की ती फिरत फिरत आमच्या जिल्ह्यात येते आणि इथे तिचं दुसरं लग्न लागतं. पूर्वी बाजारातून बैल आणायचा तर दात बघायला एक जाणकार सोबत न्यायचे. तोच रिवाज पुढे गाड्यांना लागला आणि तो जाणकार म्हणजे देवानंद झाला. "गाडी बघायला चला मिस्त्री," हे वाक्य ऐकलं की त्याचे खांदे आपोआप पडायचे. कारण बोलावणाऱ्याने मनातून गाडी घेतलेली असायची. रंग बायकोला आवडलेला असायचा, मेव्हण्याने फोटो स्टेटसला टाकलेला असायचा. देवानंदने फक्त मान हलवायची. नको म्हटलं तर तोंडं उतरणार, घ्या म्हटलं आणि पुढे गाडी बिघडली तर गॅरेजसमोर येऊन आरडाओरडा करणार.

तरी तो सांगायचा. थकलेल्या आवाजात, त्याच त्या गोष्टी. गाडी थंड असताना बघा. मालकाने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर चहा प्या, गप्पा मारा, ती निवू द्या आणि मग चावी फिरवा. तेलाचं झाकण उघडा. आत दुधाळ चिखल दिसला तर तेलात पाणी शिरतंय, हात जोडा आणि निघा. मीटरवर जाऊ नका. मीटर मागे फिरवता येतो, पायाखालच्या पॅडलचं झिजलेलं रबर फिरवता येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळ असेल तर गाडी पुरात बुडून आलीय. बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा असतील तर ती कुठेतरी आपटलीय.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. हे सांगताना तर त्याचा जीव जायचा. आमच्याकडे नळाचा भरवसा नाही, प्यायला जार विकत आणतात, बोअरचं खारं पाणी तेवढं हाताशी. मंडळी तेच गाडीला पाजतात. आतून चुन्याचा थर धरतो, भर उन्हात गाडी वाफा सोडत रस्त्यात उभी राहते, आणि मग मालक म्हणतो, मिस्त्री, गाडीच पनवती निघाली.

भंगार बाजारातल्या जुन्या पार्ट्सचंही त्याचं ठरलेलं होतं. दरवाजा घ्या, आरसा घ्या, दिवा घ्या, सीट घ्या. ब्रेक, स्टेअरिंग आणि टायर मात्र दुसऱ्याच्या गाडीचं घेऊ नका. ज्याच्यावर जीव टांगलेला असतो ते नवंच घ्यावं. एवढा एकच सल्ला मला मनापासून पटायचा, कारण त्यात माझा धंदा होता.

पण खरं सांगायचं तर लोक त्याला सल्ल्यासाठी नेतच नसत. नेत ते त्याच्या कानासाठी. स्क्रू फिरवायचा एक लांब पेचकस होता त्याच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाशेजारच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी भोवतीची माणसं गप्प व्हायची. कोणी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून तो आतली खोड सांगायचा, आणि ती तिथेच निघायची. गाडी चालवून बघतानाही तसंच. शेजारी बसून नुसता ऐकत राहायचा. चाक खोलून बघ म्हटलं तर त्याला अपमान वाटायचा. कान असताना चाक कशाला खोलायचं, म्हणायचा.

तो कान गेल्या वर्षी जायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते मला. एक गाडी त्याच्या गॅरेजातून बाहेर पडली आणि माझ्या दुकानासमोर येईपर्यंत पट्टा असा किंचाळला की मी हातातला चहा सांडला. देवानंद दारातच उभा होता, हात पुसत, निवांत. मी ओरडून सांगितलं तेव्हा त्याने गाडी परत बोलावली. पुढे लक्ष ठेवलं तर कळलं, जाड आवाज त्याला येतात. ट्रकचा हॉर्न येतो, इंजिनाची घरघर येते, माझ्या शिव्या येतात. बारीक आवाज येत नाहीत. जन्मभर ग्राइंडरजवळ आणि फुटक्या सायलेन्सरजवळ कान घेऊन बसल्यावर दुसरं काय होणार?

मी स्पष्ट सांगितलं, जालन्याला चल, कान दाखवू, मशीन बसवू. तो माझ्यावर उखडला. "कानाला मशीन लावलेल्या मिस्त्रीला गाडी ऐकायला कोण नेईल?" म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. बायपासवर काचेचं, कॉम्प्युटरवालं गॅरेज झाल्यापासून त्याच्याकडे दुरुस्तीची कामं कमीच यायची. उरला होता तो कान आणि कानाचं नाव. ते गेलं तर शटर ओढायचं, एवढा साधा मामला होता. म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही, पण कोणी त्याला गाडी बघायला न्यायला आलं की मी गल्ला सोडून दारात येऊन उभा राहायचो.

त्यात त्याच्या घरचंही काही बरं दिसत नव्हतं. बेबीनंदा वहिनी पूर्वी दुपारी थर्मासमधून चहा घेऊन गॅरेजवर यायच्या, माझाही कप असायचा. हळू बोलणारी बाई, आवाज अगदी बारीक आणि गोड. विहारात वंदना त्याच सुरू करायच्या. त्यांचं येणं बंद झालं. मी विचारलं तर देवानंद एवढंच म्हणाला, की घरी आता कोणी बोलत नाही. मला वाटलं, असेल काही नवराबायकोचं. आपण कशाला मध्ये पडा?

मग धर्मराज आला. जांब समर्थकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला परतूर स्टेशनवर उतरणाऱ्या भाविकांची जांबच्या मंदिरापर्यंत ने-आण करायला जुनी व्हॅन घ्यायची होती. व्हॅन होती राजूरच्या एका दुकानदाराची. चतुर्थीला जाऊ, आधी गणपती आणि मग गाडी, असं त्याने ठरवलेलं. म्हातारी आई, गोजरबाई, दर्शनाच्या ओढीने सोबत निघाली. मी पण येतो म्हटलं. कारण नवसाचं सांगितलं. खरं कारण देवानंदला बरोबर कळलं आणि तो जालना येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

राजूरला गर्दी मरणाची. दर्शन घेऊन व्हॅनजवळ पोहोचेस्तोवर ऊन वर आलं होतं. दुकानदाराने इंजिन गरम करून ठेवलेलंच. देवानंदने सगळ्यांना सावलीत बसवलं, गाडी निवू दिली. मग झाकण, बेल्ट, बोल्ट, रबर, सगळं बघितलं. पेचकस लावला. सगळे गप्प झाले. इंजिन चांगलं होतं, तसं त्याने सांगितलं. मी जरा सैल झालो.

मग व्हॅन जालना रस्त्यावर काढली. दुकानदार चालवत होता, शेजारी देवानंद, मागे आम्ही तिघं. उतारावर ब्रेक लागला आणि पुढच्या चाकातून किर्रर्र असा बारीक, तारेसारखा आवाज आला. मी ऐकला. धर्मराजनेही ऐकला, त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने देवानंदकडे बघितलं. देवानंद शांतपणे रस्ता बघत होता. धर्मराजच्या भुवया खाली आल्या. पुन्हा ब्रेक, पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच. दुकानदाराने आरशातून आमच्याकडे बघून घेतलं आणि तो मजेत शीळ घालायला लागला.

माझं डोकं तापलं. गाडीतल्या एकूण एका माणसाला ऐकू येत होतं, आणि मिस्त्री काही म्हणत नाही म्हणजे काही नसणार असं मानून सगळे ऐकलेलं गिळत होते. मी बोललो तर त्याचं नाव चारचौघांत जाणार. न बोललो तर उद्या ह्याच व्हॅनमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्या बसणार. उतरल्याबरोबर त्याला बाजूला घ्यायचं आणि काहीतरी निमित्त काढून चाक खोलायला लावायचं, असं मी ठरवलं.

पण परत आलो तोच देवानंद म्हणाला, बराबर हाये, घ्या. धर्मराजने दुकानदाराच्या हातात हात दिला. मी देवानंदचा दंड धरतोय तेवढ्यात मागच्या सीटवरून, पाय खाली सोडून बसलेली गोजरबाई म्हणाली, "धर्मा, ते किरकिर काय वाजत व्हतं रे?"

"तू गप बस माय," धर्मराज खेकसला. "मिस्त्रीला कळत न्हाई का?"

म्हातारीचा आवाज देवानंदला आला नाही. धर्मराजचा आला. देवानंदने आमची तोंडं एकेक करून बघितली आणि मला विचारलं, "काय म्हणून राह्यली ती?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं.

तो अजूनही म्हणू शकला असता, की खडा अडकला असंल, जाईल. कोणी एका शब्दाने विचारलं नसतं. जिल्हाभर त्याच्या शब्दाला तेवढी किंमत होती. पण त्याने जॅक मागितला. धर्मराज म्हणाला, राहू द्या मिस्त्री, कशाला? देवानंदने जुमानलं नाही. गुडघे धरत खाली बसला आणि स्वतःच्या हाताने चाक उतरवलं. ब्रेकपॅड पार संपलेले होते. आतलं लोखंड ब्रेकच्या तबकडीला घासून घासून तिच्यावर चरे पडले होते.

पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती तबकडीला लागते आणि वाजते, माणसाने सावध व्हावं म्हणून. ती पट्टी बोटांत धरून तो बसून राहिला.

"ही वाजायसाठीच लावलेली असती," तो म्हणाला. "तुमा सगळ्यायला ऐकू आली. मला न्हाई आली. साल झालं, मला बारीक आवाज येत न्हाई. माझ्या कानावर गाडी घेऊ नका."

दुकानदार घाईघाईने नवे पॅड घालून देतो म्हणायला लागला. धर्मराजला कुठे बघावं कळेना. गोजरबाई तेवढी खाली उतरली, देवानंदच्या समोर येऊन मोठ्यांदा म्हणाली, "मंग डोळ्यानं बघत जाय की बाबा. डोळे हायेत ना?"

धर्मराजने व्हॅन घेतली, पण पॅड आणि तबकड्या नव्या घातल्यावर. ते पार्ट माझ्याच दुकानातून गेले. मला त्यात आनंद झाला नाही, हे सांगून कोणाला पटायचं नाही.

परतीच्या वाटेवर देवानंद एकदाच बोलला, "संपलं शेठ." मी त्याला दोन कचकचीत शिव्या दिल्या. त्या त्याला ऐकू आल्या असाव्यात, कारण तो जरासा हसला. फार दमलेला दिसत होता.

दिवेलागणीला त्याला घरी सोडायला गेलो. बेबीनंदा वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने काही सांगितलं नसतं, म्हणून मीच सगळं सांगितलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

"म्हंजी ह्यायला ऐकूच येत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "भाऊ, मी रोज इचारायचे. च्या आणू का, डबा भरू का. हे मान वर करून बघायचे बी न्हाईत. मला वाटलं, माझा कटाळा आला ह्यायला. मंग मी इचारायचं सोडून देलं."

देवानंद त्यांच्या ओठांकडे बघत होता. "काय म्हणती?" त्याने मला विचारलं.

मी ओरडून सगळं सांगितलं. त्याने ते ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"मला वाटलं, हीच बोलायची थांबली," तो म्हणाला.

वहिनी उठल्या. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्याच्याशेजारी वाकून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "च्या घेता का?"

"घेतो की," देवानंद म्हणाला. "शेठलाबी दे."

समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून दारात येऊन बघून गेली.